गोळीनं बीपी नॉर्मल आलं, मग गोळी बंद का करायची नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात कुठं चूक असेल तर लक्षात येईल. वडील, म्हणजे आबा, वय ५७, वाळवा तालुक्यात उसाची शेती. दोन वर्षांपूर्वी गुडघा दाखवायला गेले तेव्हा बीपी १७०/१०४ निघालं. अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू झाली, तीन महिन्यांत १२८/८० आलं आणि ‘आता बरं झालंय’ म्हणून त्यांनी गोळी सोडली. त्यानंतर वर्षभर दुधीचा रस आणि उपाशीपोटी लसूण. मागच्या आठवड्यात १७८/१०६. डॉक्टरांनी या वेळी १० ची गोळी दिली, तर पाय सुजले. घरच्या मशीनवर एकदा १५० आणि दहा मिनिटांनी १७२. तुम्ही पुण्यात, ते गावाकडे. तुम्ही विचारताय : कुठली गोळी चांगली, आयुष्यभर घ्यावी लागेल का, आणि बीपी नक्की किती हवं.

मी कऱ्हाडच्या बाजूला सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. तुमचे आबा माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतात, फक्त नाव आणि गाव वेगळं असतं. गोळी निवडणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते वेगळंच : आबांना काही होत नाही. गुडघा ठणकतो, म्हणून गुडघ्याची गोळी ते विसरत नाहीत. बीपी ठणकत नाही. १९०/११० असलेला माणूस समोर बसून ‘मला काय बी तरास न्हाय बघा, पोरानं उगंच आणलंय’ असं म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं आणि दुखायचं थांबलं म्हणजे उतरलं, हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. चक्कर आली की बीपीच, हेही तसंच. ती कानाची असते, मानेची असते, कधी नुसती उपाशीपोटी उन्हात राबल्याची असते.

गोळी बंद का करायची नाही, हे पेशंटला सांगताना मी उसाच्या ट्रॉलीचं उदाहरण देतो. चढावर भरलेली ट्रॉली उभी करताना चाकामागं दगड लावतो. ट्रॉली हलत नाही. आता ‘हलत नाहीये, मग दगड कशाला’ म्हणून तो काढला तर काय होईल, हे आबांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १२८/८० हा आकडा दगडासकटचा होता. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात बराच काळ टिकते, त्यामुळं बंद केल्यावर दोन-तीन दिवस काहीच बदललेलं दिसत नाही. लोकांना वाटतं, बघा, गोळीशिवायही ठीक आहे. मग मोजणंही थांबतं. ट्रॉली हळूहळू मागं सरकते आणि ती सरकलेली वर्षानं कळते.

‘गोळीची सवय लागते’ असं गावात म्हणतात. सवय तंबाखूची लागते. या गोळीची लागत नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते, इतकंच.

आयुष्यभर का, याचं प्रामाणिक उत्तर मात्र ‘बहुतेक वेळा हो, पण प्रत्येकाला नाही’ असं आहे. ज्याचं मुळात १४५/९२ च्या आसपास होतं, ज्यानं दहा-बारा किलो वजन उतरवलं, रोजची दारू सोडली, मीठ खरोखर कमी केलं, अशा काही लोकांची गोळी मी कमी केली आहे आणि मोजक्या लोकांची बंदही. पण ती पायरीपायरीनं, घरी मोजत मोजत. उन्हाळ्यात बीपी थोडं उतरतं, घामावाटे मीठ-पाणीही जातं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये काहींचा डोस मी कमी करतो आणि दिवाळीनंतर परत वाढवतो. १७८/१०६ वरून सुरुवात करणाऱ्या माणसाची गोळी पूर्ण सुटेल असं मी आश्वासन देणार नाही. डोस कमी होऊ शकतो, एवढं नक्की सांगेन.

आता मशीनकडे येऊ, कारण तुमचा निम्मा गोंधळ तिथं आहे. १५० आणि दहा मिनिटांनी १७२, म्हणजे मशीन बिघडलंय असं नाही. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं. आणि माझा अंदाज असा की १५० बघून आबा किंवा आई घाबरले, दोघांत थोडी बोलाचाली झाली आणि लगेच परत पट्टा गुंडाळला. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो. लघवी दाबून धरली असेल, हात हवेत लटकत असेल, पाय मांडीवर टाकलेला असेल, नुकताच चहा किंवा तंबाखू झाली असेल, या प्रत्येकानं काही ना काही भर पडते.

पट्ट्याचा एक अनुभव सांगतो. आमच्या भागात तालमीत घाम गाळलेली मंडळी भरपूर. एक जुने पैलवान बाहेरून तीन गोळ्या घेऊन आले, बीपी १६४, ‘कशानंच उतरत नाही’ ही तक्रार. दंडाला टेप लावला तर ३८ सेंटीमीटर. दवाखान्यातल्या नेहमीच्या पट्ट्यावर २२ ते ३२ असं छापलेलं असतं. आखूड पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा खोटा वर येतो. मोठा पट्टा मागवून घेतला आणि त्याच खुर्चीत, त्याच हातावर १४६ आलं. तीन गोळ्यांवर चौथी चढवण्याआधी एका टेपचं काम होतं. आबांचा दंड कोपर आणि खांद्याच्या मधोमध एकदा मोजा आणि पट्ट्यावर छापलेला आकडा बघा. मनगटावरचं मशीन असेल तर ते बाजूला ठेवा, दंडाचंच घ्या.

मोजायची पद्धत मी अशी सांगतो. सकाळी उठून लघवी झाली की, चहाच्या आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल लांब. दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. बाही वर सरकवून तिचा फास करायचा नाही, सरळ शर्टातून हात काढायचा. एक-एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे, चांगला आला तेवढा निवडायचा नाही. संध्याकाळी जेवणाआधी परत तसंच. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती सरासरी म्हणजे आबांचं बीपी. १५० ही नव्हे आणि १७२ ही नव्हे. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून बघा आणि ज्या हातावर जास्त येतं तोच पुढं वापरा. सात दिवसांनंतर मशीन कपाटात. रोज दहादा मोजणारी माणसंही माझ्याकडे येतात, त्यांना बीपीपेक्षा मशीनचाच आजार जास्त झालेला असतो.

घरी मोजायचा आणखी एक फायदा. काहींचं बीपी दवाखान्यात पांढरा कोट दिसला की चढतं आणि घरी बरं असतं. काहींचं उलटं, माझ्यासमोर १३२ आणि घरी, शेतात १५५. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तो दवाखान्यात कधी सापडतच नाही.

किती हवं, यावर जगभरातले डॉक्टर गेली काही वर्षं भांडताहेत, तेव्हा तुम्हाला दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर नवल नाही. दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब, ही आपल्याकडे आणि युरोपात चालणारी रेघ. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ साली ती १३०/८० वर आणली. त्यामागं २०१५ मध्ये आलेल्या स्प्रिंट या अभ्यासाचा मोठा हात होता. तिथल्या ९,३६१ लोकांपैकी निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न केला आणि निम्म्यांचं १४० च्या खाली. १२० वाल्यांमध्ये हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, लकवा असे प्रकार मिळून सुमारे पाव हिस्सा कमी झाले. पण त्यांच्यात चक्कर येऊन शुद्ध हरपणं, मूत्रपिंडावर ताण येणं हे जास्त झालं. शिवाय तिथं बीपी शांत बसवून मशीननं मोजलेलं होतं, आपल्या ओपीडीतल्या रेटारेटीत नव्हे. म्हणून तो १२० चा आकडा उचलून मी माझ्या टेबलावर लावत नाही. आबांच्या वयाला घरची सरासरी १३५/८५ च्या आत यायलाच हवी. १३० च्या आत आली आणि उठता-बसता चक्कर नसेल, तर उत्तम. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना मी १४० च्या आसपास सुखानं राहू देतो. त्यांचं बीपी १२० करून त्यांना मोरीत पाडण्यात शहाणपणा नाही.

आता गोळ्या. दोन वर्षांपूर्वी ५ ची अ‍ॅम्लोडिपिन लागू पडली होती, या वेळी थेट १० ची दिली. बीपी जास्त, म्हणून डोस जास्त, हा विचार स्वाभाविक आहे. मीही बरीच वर्षं तसाच करत होतो. पण बीपीच्या गोळ्यांचं गणित सरळ नाही. डोस दुप्पट केला तर परिणाम दुप्पट होत नाही, जेमतेम थोडा वाढतो. त्रास मात्र पुरेपूर वाढतो. त्याऐवजी वेगळ्या वाटेनं काम करणारी दुसरी गोळी कमी डोसमध्ये जोडली तर आकडा कितीतरी चांगला उतरतो. अनेक औषधचाचण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात दुसरी गोळी जोडण्याचा परिणाम डोस दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट निघाला.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, एका मावशींनी शिकवलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची अ‍ॅम्लोडिपिन मी ५ वरून १० केली. महिन्याभरात पाय सुजून आले, संध्याकाळी चप्पल चढेना. मी लघवी जास्त होण्याची गोळी दिली. सूज हलली नाही, पण पोटॅशियम उतरलं, पायात गोळे यायला लागले आणि रात्री लघवीला उठताना अंधारी येऊन त्या पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात पदराखाली घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, बीपीची एकच गोळी होती तवा मी बरी होते.’ खरं होतं ते. एका गोळीची खोड झाकायला मी दुसरी गोळी दिली होती.

ती सूज येते कशी, हे समजलं की उपायही समजतो. अ‍ॅम्लोडिपिन बारीक रोहिणी सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण पलीकडच्या, रक्त परत नेणाऱ्या नसा ती तेवढ्या सैल करत नाही. पाटाला पाणी वाढलं आणि निचरा तेवढाच राहिला की शेतात पाणी साचतं, तसं घोट्याशी पाणी झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीनं सूज हटत नाही. डोस कमी केला की बहुतेकांची उतरते. टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडली तर ती पलीकडचा निचराही मोकळा करते, त्यामुळं सूज कमी आणि बीपीही कमी. म्हणून आबांच्या डॉक्टरांना विचारा : १० च्या अ‍ॅम्लोडिपिनऐवजी अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० अशी एकत्र गोळी चालेल का? माझ्याकडे आबा आले असते तर बहुधा मी तीच दिली असती. पण त्याआधी लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायची रक्ततपासणी) बघितलं असतं आणि स्टेथोस्कोप लावून छाती तपासली असती. पायाची सूज मूत्रपिंडाची किंवा हृदयाचीही असू शकते, आणि ती गोळीच्या नावावर खपवली तर महागात पडते. फक्त एकाच पायाला सूज असेल आणि पोटरी दुखत असेल, तर हे सगळं वाचत बसू नका, आजच दाखवा.

टेल्मिसार्टन चालू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा तपासायचं. बाजारात जे ‘लो सोडियम’ मीठ मिळतं त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल तेव्हा ही गोळी थोडे दिवस थांबवावी लागते. आणि हे आबांना लागू नाही, पण वाचणाऱ्या लेकीसुनांसाठी : गरोदरपणात ही गोळी चालत नाही, दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगा. दोन गोळ्यांनी भागलं नाही तर तिसरी क्लोरथॅलिडोन, साडेबारा मिलिग्रॅम. वय झालेल्या माणसात तिच्यानं सोडियम उतरू शकतं, त्यावर नजर ठेवायची. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या हृदयाचं काही कारण असेल तर छान, नुसत्या बीपीसाठी माझी पहिली पसंती नाही. पण कुणाला चालू असतील तर हे वाचून एकदम बंद करू नका, त्या अचानक सोडल्या की छातीत धडधड आणि बीपीची उसळी येते.

सकाळी घ्यायची की रात्री, हा वाद घरोघरी असतो. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर हे तपासलं, २०२२ मध्ये निकाल आला : काही फरक नाही. ज्या वेळी आठवण राहते ती वेळ योग्य.

आता मी तुम्हालाच एक विचारतो. आबांचा गुडघा अजून दुखतोय ना? त्यासाठी मेडिकलमधून काय आणतात? डायक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब या जातीच्या गोळ्या रोज पोटात गेल्या तर बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा परिणामही कमी होतो. टेल्मिसार्टनबरोबर त्या मूत्रपिंडालाही जड जातात. संधिवाताच्या नावानं मिळणाऱ्या बेनावाच्या पुड्यांत कधी स्टेरॉईड असतं, तेही बीपी चढवतं. ‘कशानंच उतरत नाही’ म्हणणाऱ्या पेशंटची पिशवी मी टेबलावर रिकामी करायला लावतो, उत्तर बऱ्याचदा त्या पिशवीतच सापडतं. एकदा भजनी मंडळातले एक बुवा आले होते, बीपी चढलेलं, पोटॅशियम उतरलेलं. गोळ्या सगळ्या बरोबर. बोलता बोलता त्यांनी खिशातून जेष्ठमधाची कांडी काढली. आवाज सुटावा म्हणून कित्येक वर्षं दिवसभर चघळत होते. घसा बसला तर दोन दिवस चघळायला हरकत नाही, पण रोजचं जेष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम घालवतं. आबा रात्री जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकून दचकून उठतात का, हेही आईंना विचारा. तेही बीपीचं एक मूळ आहे आणि गावाकडे त्याला गाढ झोप म्हणतात.

मिठावर जरा थांबतो. ‘आम्ही मीठ कमी खातो’ हे वाक्य मी ऐकतो आणि बाजूला ठेवतो. त्याऐवजी विचारतो, मिठाची किलोची पुडी किती दिवस जाते? जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट छोटा चमचा. चार माणसांच्या घरात त्या हिशेबानं एक किलो पन्नास दिवस पुरायला हवं. पंचवीस दिवसांत संपत असेल तर माणशी दहा ग्रॅम झालं, आणि फरसाण, वडापाव, बेकरीची खारी, विकतचं लोणचं यांतलं मीठ वेगळंच. लोणच्या-पापडाच्या साठवणीच्या महिन्यात हा हिशेब चुकतो, तो महिना सोडून बघा. मीठ एकदम बंद करू नका. आळणी जेवण दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी माणूस शेजारी जाऊन जेवतो. भाकरीच्या पिठातलं मीठ आधी काढा, कुणाच्या लक्षातही येत नाही. मग ताटातली मिठाची चिमूट. मग ठेचा आणि लोणचं यांतलं एकच काहीतरी. जिभेला तीन-चार आठवडे लागतात, नंतर पूर्वीची आमटी खारट लागायला लागते. सैंधव घेतलं तर चालेल का, हा पुढचा प्रश्न असतो. नाही, तेही मीठच. उपासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही.

वजन एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एक अंकानं उतरतं, असा ढोबळ हिशेब आहे. ‘शेतात राबतो की, व्यायाम कशाला’ असं आबा म्हणतील. पूर्वी खरंच होतं. आता मोटर मोबाइलवरून चालू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. रोज अर्धा तास झपाझप चालणं वेगळं काढावं लागेल. दारू असेल तर तीही बीपी वाढवते. तंबाखू-मिश्रीचं कारण वेगळं : बीपीनं रक्तवाहिनीला जो मार बसतो, तंबाखूनं तोच मार दुप्पट होतो.

हे सगळं करावंच. पण १७८/१०६ असताना ‘आधी सहा महिने पथ्य करून बघू, मग गोळी’ हे मी करणार नाही. पथ्य आणि गोळी एकाच दिवशी चालू.

दुधी आणि लसूण यांच्याबद्दल. दुधीची भाजी उत्तम, पण कडू लागलेल्या दुधीचा रस विषारी असतो. लोक गंभीर आजारी पडले आहेत, माणसं दगावलीही आहेत. लसणानं बीपी थोडंफार उतरत असेल, पण १७८ ला तो पुरत नाही. मी देशी औषधांच्या विरोधात नाही, आणि बीपीच्या डॉक्टरानं तसं असूच नये. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवरचा परिणाम १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि जगभरच्या दवाखान्यांत ते वापरलं गेलं. मग लक्षात आलं की काहींना त्यानं खोल उदासी येते, नाक चोंदतं, अंगात ग्लानी राहते. पुढं सौम्य औषधं आली तसं ते मागं पडलं. सांगायचं एवढंच की ज्या मुळीत दम होता ती मोजून, तपासून घेतली गेली, आणि तिचेही दुष्परिणाम निघालेच. रस चालू ठेवायचा असेल तर आधी चाखून बघा, आणि गोळीच्या जागी नको.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून थोडं व्यवहाराचं. गोळी सुटते ती बहुतेकदा हट्टानं नव्हे, पाकीट संपतं म्हणून. तीस दिवसांचं पाकीट एकतिसाव्या दिवशी संपतं तेव्हा घरात उसाची तोड चालू असते, किंवा लग्न असतं, किंवा आबा वारीला निघालेले असतात. पंधरा दिवसांचा जादा साठा घरात ठेवा. वारीला जाणार असतील तर पिशवीत गोळ्या, आणि चालण्याच्या त्या दिवसांत डोस काय ठेवायचा हे आधी डॉक्टरांना विचारून. खर्चाचा प्रश्न असेल तर जनऔषधी दुकानात हीच औषधं बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. तुमच्या गावाशेजारच्या सातारा जिल्ह्यात, तसंच सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा इथं भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवातीच्या टप्प्यातच अंमलबजावणी झाली. त्याची पद्धत साधी आहे : ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, ठरलेली पायरी, प्रत्येक पेशंटचं कार्ड आणि महिन्यानं परत बोलावणं. महागड्या गोळीपेक्षा ते कार्ड जास्त बीपी उतरवतं, असं माझं मत झालंय.

रात्री-बेरात्री फोन येऊन ‘मशीनवर १९० दाखवतंय’ असं आई म्हणाल्या, तर घाबरवणारा आकडा बाजूला ठेवून आधी हे विचारा : छातीत दुखतंय का, दम लागलाय का, तोंड वाकडं झालंय का, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय का, बोबडं बोलताहेत का, अचानक दिसेनासं झालंय का. यातलं एकही असेल तर १०८ ला फोन आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून ‘सकाळपर्यंत बघू’ नको. यातलं काहीच नसेल तर त्यांना शांत बसवा, अर्ध्या तासानं परत मोजा, राहिलेली गोळी असेल तर ती द्या आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात उतरवू नका. मी शिकत होतो तेव्हा निफेडिपिनची कॅप्सूल सुईनं टोचून जिभेखाली पिळायचो, दहा मिनिटांत आकडा खाली यायचा आणि आम्हालाही बरं वाटायचं. नंतर कळलं की असं धाडकन उतरलं की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीची शरीराला सवय झालेली असते, ते आठवड्यांनी उतरवायचं.

तेव्हा आता एवढं करा. १० ची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना सूज दाखवा. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी करून घ्या, डोळ्यांचा पडदाही एकदा तपासून घ्या. सात दिवसांच्या आकड्यांची वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, गुडघ्याच्या पुड्यांसकट. आणि शक्य असेल तर पहिल्या वेळेला तुम्ही स्वतः बरोबर जा. ट्रॉलीच्या दगडाची गोष्ट फोनवर सांगू नका. ती शेजारी बसून सांगायची.